करंगळीभर सरकलेली वाडी

भोरमार्गे वरंध घाट उतरणाऱ्या एसटीत मला खिडकीची जागा मिळाली होती, पण मांडीवर नकाशांची लांबलचक प्लास्टिकची नळी असल्यामुळे तिचा उपभोग काही घेता आला नाही. शेजारच्या गृहस्थांनी आत काय आहे ते दोनदा विचारलं. नकाशे म्हटल्यावर त्यांचा रस संपला आणि घाट संपेपर्यंत ते झोपले. घाटात मोबाइलला अजून रेंज नव्हती त्या दिवसांतली ही गोष्ट. फेब्रुवारी महिना होता, खाली महाडच्या बाजूची खाचरं (भाताची शेतं) कापून मोकळी झाली होती.

मी पुण्यातल्या एका लहान कंपनीत संगणकावर नकाशे करायचो. महाड-पोलादपूर भागात दरडीचा धोका कुठे आहे, ते दाखवणारे नकाशे आम्ही केले होते. भूगर्भतज्ज्ञांनी डोंगरावर हिंडून, हातातल्या जीपीएस यंत्राने भेगा टिपल्या होत्या. वाड्या, रस्ते, नद्या मी जुन्या सरकारी नकाशांवरून घेतल्या होत्या. दोन्ही एकावर एक ठेवले की कुठली घरं धोक्याच्या लाल पट्ट्यात येतात ते दिसायचं. पट्ट्यातल्या घरांना खाली सपाटीवर नवी जागा मिळणार होती. पोलादपूरच्या वर एका टेपाच्या (लहान डोंगरमाथ्याच्या) उतारावर नऊ घरांची वाडी होती. तिने आपल्यालाही हलवावं म्हणून अर्ज केला होता, पण नकाशात ती पट्ट्याच्या खाली, बाहेर दिसत होती. मी जाऊन बघायचं, बाहेर आहे असं लिहायचं आणि सही करायची, एवढंच काम होतं. यादी त्या आठवड्यात कायम व्हायची होती.

महाडला स्टँडजवळच्या लॉजवर उतरलो. सकाळी औद्योगिक वसाहतीत पहिल्या पाळीला जाणाऱ्यांच्या गर्दीत उभा राहून पाव-आम्लेट खाल्लं. लॉजच्या मालकाने जीपवाला ठरवून दिला होता. इब्राहिमभाई, साठीच्या आतबाहेरचे, तुडील गावचे. गाडी स्वच्छ, बोलणं कमी. बरीच वर्षं आखातात काढून परत आलेले, एवढं लॉजवाल्याने सांगितलं होतं. तिथे ते काय करायचे ते मी विचारलं नाही. आखातातून आलेला माणूस म्हणजे ड्रायव्हर किंवा गवंडी, अशी माझी ठाम समजूत होती.

सावित्रीच्या पुलाजवळ मी गाडी थांबवायला सांगितली. माझ्याजवळचं जीपीएस यंत्र नीट चालतंय की नाही, ते बघायचं होतं. पुलाच्या तोंडाशी उभा राहून अक्षांश-रेखांशाचे आकडे घेतले, बॉनेटवर नकाशा पसरला आणि पट्टी लावून ठिपका काढला. ठिपका पुलावर पडला नाही. वायव्येला, साधारण करंगळीच्या रुंदीइतका सरकून पडला. जमिनीवर ते अंतर शंभर-सव्वाशे मीटर होतं. डोंगरांमुळे उपग्रह नीट दिसत नसतील, असं मी मोठ्याने म्हणालो. इब्राहिमभाई नकाशाकडे बघत होते.

पोलादपूरला महाबळेश्वरचा रस्ता फुटतो तिथे पुन्हा थांबलो. फाट्याच्या मधोमध उभं राहता येईना, म्हणून चहाच्या टपरीच्या कडेला उभा राहिलो. एका ट्रकवाल्याने मला चुकवताना माझ्या सात पिढ्या काढल्या. ठिपका पुन्हा करंगळीभर वायव्येला.

आता मात्र इब्राहिमभाई बोलले. "साहेब, दोन्ही वेळा एकाच बाजूला, एवढंच सरकलंय. उपग्रहाची चूक अशी शिस्तीत चालत नाही. नकाशा कुठल्या डेटमवर आहे?"

हे तुम्हाला कसं माहीत, असं मी विचारलं. मग कळलं की हा माणूस अकरा वर्षं वाळवंटात, तेलाच्या पाइपलाइनची मोजणी करणाऱ्या तुकडीत खांब धरायचा. त्यांचा साहेब रोज सकाळी काम सुरू करण्याआधी सगळ्यांना एका ओळखीच्या खुणेवर नेऊन उभा करायचा. यंत्र तिथले आकडे बरोबर दाखवत नाही तोवर कुणी पाऊल पुढे टाकायचं नाही. एकदा दुसऱ्या कंपनीची पाइपलाइन यांच्या नकाशात भलतीकडे निघाली होती, तेव्हापासूनचा हा नेम.

ते म्हणत होते त्यात समजायला अवघड काही नव्हतं. पृथ्वी धड गोल नाही, म्हणून तिला कागदावर आणण्याआधी तिचा आकार कोणता मानायचा आणि मोजायला सुरुवात कुठून करायची, ते ठरवावं लागतं. त्याला डेटम म्हणतात. आपल्या जुन्या सरकारी नकाशांनी एक आकार मानला, उपग्रहांनी दुसरा. त्यामुळे एकाच विहिरीला दोन पत्ते मिळतात आणि आपापल्या हिशेबाने दोन्ही बरोबर असतात. संगणकात जुना नकाशा चढवताना एक चौकट उघडते आणि हे आकडे कुठल्या डेटमचे, असं विचारते. आपण नाव सांगायचं, पुढचं रूपांतर यंत्र करतं. खोटं नाव सांगितलं तरी काही कुरकुर करत नाही.

ती चौकट मीच भरली होती. उपग्रहाच्या डेटमचं नाव आधीपासूनच तिथे दिसत होतं. मी ते तसंच राहू दिलं आणि चहाला गेलो. भेगा जीपीएसच्या, म्हणजे जागेवर. घरं, रस्ते, पूल मात्र सगळे सरकलेले. टपरीशी उभ्या उभ्या मला हे कळलं होतं, तरी नाकाला मिरच्या झोंबल्या होत्या. जीपवाल्याने आपल्याला आपलं काम शिकवावं हे मला रुचलं नाही. मी म्हणालो, वाडीच्या माथ्यावर सरकारी मोजणीचा दगड आहे, नकाशात त्याचा त्रिकोण आहे, तिथे बघू. मनातून वाटत होतं, तिथे तरी आकडे माझ्या बाजूने बोलावेत.

जीप पायथ्याशी राहिली. तासभर चढ. वाटेत करवंदीच्या जाळ्या, मध्येच एका म्हशीने वाट अडवली आणि नकाशाची नळी बघून ती आमच्याआधी बिथरली. वाडीत पुरुष लाकडांना गेले होते. चंद्राबाई नावाच्या, सत्तरीच्या बाई अंगणात गोवऱ्या थापत होत्या. अर्जावर पहिला अंगठा त्यांचाच होता. हात धुऊन त्यांनी ताक दिलं, नाचणीची भाकरी दिली आणि मग, काय मोजायला आलात, असं विचारलं. मी मोजणीच्या दगडाबद्दल विचारलं तर त्यांनी घराशेजारीच बोट दाखवलं. पत्र्याच्या छपराखाली शेंदूर लावलेला चौकोनी दगड होता. माथ्यावर कोरलेली सरकारी खूण शेंदरातूनही ओळखू येत होती.

मी चप्पल काढून त्याच्यापाशी उभा राहिलो. आकडे घेतले, ठिपका काढला. या वेळी ठिपका वायव्येला नव्हता. त्रिकोणाच्या जरा खाली, भलत्याच बाजूला होता. म्हणजे सरकणं एकसारखं नव्हतं, म्हणजे डेटमची भानगड नव्हती, म्हणजे चूक यंत्राची होती, माझी नव्हती. मला किती बरं वाटलं ते सांगायला आज लाज वाटते. इब्राहिमभाईंना मी तो ठिपका जरा जोरातच दाखवला.

त्यांनी नकाशा बघितला, मग वरच्या माथ्याकडे बघितलं आणि चंद्राबाईंना साधा प्रश्न विचारला. देव आधीपासून इथेच आहे का?

"नाय," बाई म्हणाल्या. "वर टेपावर व्हता. गेल्या पावसात तिथं भुई फाटली. देव पडंल म्हून चौघांनी बांबूवर घालून खाली आनला." मग माझ्याकडे वळून, तक्रारीचा सूर न लावता म्हणाल्या, "देवाला आमी हलवला, सायब. आमाला हलवायचा कागद तुमच्याकडं हाय."

ती वरची जागा दाखवाल का, असं मी विचारलं.

त्या स्वतः आम्हाला वर घेऊन गेल्या. दगड जिथे रोवलेला होता तो चौकोनी खळगा अजून दिसत होता. शेजारून भेग गेली होती, माझा हात कोपरापर्यंत आत गेला. खळग्यात उभा राहून मी आकडे घेतले. ठिपका त्रिकोणाच्या वायव्येला पडला, करंगळीभर. पूल, फाटा आणि आता हा माथा, तिघांची एकच साक्ष. नकाशावर करंगळी ठेवून मी वाडीची नऊ घरं तेवढीच वायव्येला सरकवून बघितली. नऊच्या नऊ लाल पट्ट्यात गेली. खाली छपरं दिसत होती. एका अंगणात वाळत घातलेलं लुगडं दिसत होतं. मला भीती वाटली, डोंगराची नाही, माझ्या सहीची. दुसरा कुणी जीपवाला असता तर दुपारपर्यंत ती झाली असती.

आम्ही लगेच खाली उतरलो. पोलादपूरच्या एसटीडी बूथवरून मी कंपनीतल्या माझ्या साहेबांना फोन लावला आणि यादी थांबवा म्हणालो. कारण विचारलं तेव्हा, चौकट मी चुकीची भरली, असं सांगून टाकलं. बूथवरचा मीटर पळत होता. साहेबांनी विचारलं, बाकीच्या वाड्या? मी म्हणालो, सगळ्या पुन्हा बघाव्या लागतील. महाडला पोचल्यावर इब्राहिमभाईंनी मला त्यांच्या नेहमीच्या हॉटेलात नेऊन तांदळाची भाकरी आणि सुकटीचं कालवण खाऊ घातलं. त्या डेटमचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही, आणि त्याबद्दल मी त्यांचा आजही ऋणी आहे.

पुण्याला परतल्यावर संगणकासमोर बसलो. चौकट उघडली, नाव बदललं. डोळ्याची पापणी लवायच्या आत पूल पुलावर आला, फाटा फाट्यावर आला आणि वाडी लाल पट्ट्यात शिरली. दुरुस्तीचं कारण लिहायच्या रकान्यात साहेबांनी 'तांत्रिक बदल' लिहायला सुचवलं होतं. मी माझं नाव लिहिलं. इतर वाड्यांतली आणखी काही घरंही आत आली. किती ते मी मोजलं, पण कुणाला बोलून दाखवलं नाही. तेव्हापासून कुठलाही नकाशा हाती आला की त्यातल्या एका ओळखीच्या जागेवर उभा राहून मी आधी आकडे ताडून बघतो.

पंधरा दिवसांनी इब्राहिमभाईंचा फोन आला. यादी ग्रामपंचायतीत लागली होती, नऊ घरं तिच्यात होती. चंद्राबाईंनी ती कुणाकडून तरी वाचून घेतली होती आणि एक चूक काढली होती. निरोप असा होता की घरं नऊ लिहिलीत, देवाचं राहिलं.

मी नव्या जागेचा आराखडा उघडला. नऊ चौकोनांच्या शेजारी दहावा, लहानसा चौकोन काढला. मग या वेळी डेटमचं नाव दोनदा वाचून बघितलं.