डावीकडचा आरसा

पावसात गाडीच्या बाजूच्या आरशात काय दिसतं, हे गाडी बनवणाऱ्यांपैकी एकाने तरी स्वतः बसून बघितलंय का? पुढच्या काचेला वायपर आहे. जरा महागातली गाडी घेतली तर मागच्या काचेलाही आहे. आणि ज्या आरशात बघून वळायचं, त्याच्यावर थेंब बसले की बसले. उजवीकडचा निदान काच खाली करून पुसता येतो. बाही कोपरापर्यंत भिजते, पण येतो. डावीकडचा पुसायला शेजारी माणूस लागतो, आणि मी बऱ्याचदा एकटीच असते.

आमचं घर घोडबंदर रोडला, आई कल्याणला. तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यापासून दर गुरुवारी तिला ठाण्याला व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे आणायचं आणि संध्याकाळी परत सोडायचं, हे काम माझं. कल्याणला अशा बाई मिळत नाहीत असं नाही, पण आईला याच हव्यात. रिक्षात तिला पाय लांब करता येत नाही, म्हणून गाडी. ती सीटवर बसली की शोरूमचं प्लास्टिक करकरतं. ते आम्ही अजून काढलेलं नाही. आमच्या घरात नव्या वस्तूवरचं प्लास्टिक काढत नाहीत. रिमोट पिशवीत असतो, मायक्रोवेव्हच्या दारावरची पातळ फिल्म कोपऱ्यांना वळून तपकिरी झाली आहे. वस्तू नवी राहते, असं नवऱ्याचं म्हणणं.

आरशासाठी मी सगळं करून बघितलं होतं. शेजारणीने सांगितलं, बटाटा कापून चोळ. चोळला. माजिवड्यापर्यंत टिकला. कोणी म्हणालं शांपू लाव, तर पहिल्या सरीत आरशाला फेस आला आणि बाजूचा टेम्पोवाला हसला. शेवटी नवऱ्याने आरशावर चिकटवायची फिल्म मागवली. तिच्यावर म्हणे थेंब धरतच नाहीत. ती लावायला माझे दीर रविवारी डोंबिवलीहून मुद्दाम आले, कारण आमच्या घराण्यात गाडीतलं त्यांना कळतं असं ठरलेलं आहे.

दोघे भाऊ सकाळभर पार्किंगमध्ये. आधी मऊ फडकं मागितलं, मग कात्री मागितली, मग पोहे खालीच मागितले. कसलं तरी जुनं कार्ड फिरवून बुडबुडे काढले. मला बोलावून दाखवलं.

"जरा धुरकट दिसतंय," मी म्हटलं.

"नवीन आहे ना वहिनी," दीर म्हणाले. "डोळ्याला सवय होईल."

सवय झाली नाही. पाऊस आला तसे थेंब पहिल्यापेक्षा जास्त बसले. मी सांगितलं, तर नवरा म्हणाला, "तू आरसा नीट सेट करत नाहीस." आरसा सेट करणं आणि आरशावर पाणी असणं यांचा काय संबंध, हे मला आजवर कोणी समजावलेलं नाही.

मग व्हायचं तेच झालं. आईला सोडून परत येताना राजनोली नाक्याला मी ठाण्याकडे डावीकडे वळत होते. आरशात नुसते थेंब, आणि प्रत्येक थेंबात एकेक दिवा. मी अगदी हळू वळले, तरी डावीकडून घुसलेल्या स्कूटरचं हँडल माझ्या दाराला घासलं. तो पडला नाही, लागलं नाही, पण तोंड मोकळं होतं.

"ओ मॅडम, आरसा काय टिकली लावायला दिलाय?"

मी उत्तर देणार तेवढ्यात मागचा रिक्षावाला म्हणाला, "जाऊ दे रे, लेडीज आहे." त्या स्कूटरवाल्यापेक्षा मला या दयाळू माणसाचा जास्त राग आला. एक तर तो डावीकडून घुसला, आणि वर माफी मला मिळाली.

घरी आल्यावर दाराचा ओरखडा बघून दोघा भावांचं फोनवर बोलणं झालं. निकाल मला जेवताना कळला. "पावसाळा संपेपर्यंत गाडी राहू दे. आईंना मी आणत जाईन. मला नाही जमलं तर भाऊ जाईल," नवरा म्हणाला.

पहिल्या गुरुवारी नवऱ्याची मीटिंग निघाली. पुढच्या गुरुवारी दिरांनी डोंबिवलीहून फोन केला, "वहिनी, इकडे फार पाऊस आहे हो." मी चिडून भाड्याची गाडी बोलावली, तर ती खारेगावला अर्धा तास उभी राहिली आणि रद्द झाली. व्यायामाच्या बाईंनी मला आधीच बजावलं होतं, खंड पडला तर गुडघा आखडेल, मग पूर्ण सरळ होणार नाही. आईला फोन केला तर ती समजूतदारपणे म्हणाली, "राहू दे गं. काठी आहे ना. आता या वयात मला कुठे धावायचंय?"

आई समजूतदारपणे बोलायला लागली की मला भीती वाटते. ऑपरेशनच्या आधी ती काठीला हात लावायला तयार नव्हती.

फोन ठेवला आणि तिचा गुडघ्याचा पट्टा गाडीत राहिला होता तो आणायला खाली गेले. पट्टा काढला, दार लावलं, तर डावीकडचा आरसा समोर आला. खालच्या कोपऱ्यात फिल्म किंचित सुटून वळली होती. मायक्रोवेव्हची सुटते अगदी तशीच. मी नख घातलं आणि ओढलं. चर्रकन आवाज होऊन अख्खा पापुद्रा हातात आला, आणि त्याच्या खाली आरशावर दुसरी फिल्म, स्वच्छ, बसलेली. मी बाटलीतलं पाणी ओतलं. एक थेंब थांबला नाही. पाणी सपाट पसरलं आणि मागचा खांब, खांबावरचा नंबर, सगळं दिसलं.

उजवीकडचाही पापुद्रा काढला आणि दोन्ही वर नेऊन नवऱ्याच्या ताटाशेजारी ठेवले.

"हे काय?"

"तुमच्या फिल्मवरचं प्लास्टिक. लावून झालं की काढायचं असतं."

"अगं, पण ते संरक्षणासाठी…"

"ओढायला त्याला काही दिलेलं नव्हतं?"

"लाल पट्टी होती. बोटाएवढी. दिसायला वाईट दिसत होती, म्हणून भावाने कात्रीने कापली."

म्हणजे कात्री त्यासाठी मागितली होती, आणि ती मीच काढून दिली होती. दिरांना मी स्वतः फोन केला. ते म्हणाले, "वहिनी, पण ठेवलं असतं तर फिल्म जास्त टिकली असती." मी फोन ठेवला. चावी फ्रिजवरून उचलली आणि माझ्या पर्समध्ये टाकली. कोणी काही बोलायला हवं होतं, माझी पूर्ण तयारी होती.

त्याच रात्री रिमोट पिशवीतून काढला, मायक्रोवेव्ह सोलला आणि सकाळी गाडीच्या सीटही.

गुरुवारी कोनगावपासूनच धो धो होता. आई शेजारी पाय लांब करून बसली होती. सीटवरून हात फिरवून म्हणाली, "प्लास्टिक काढलंस? डाग पडतील हो."

"पडू देत. गुडघा कसा आहे?"

"आखडलाय थोडा," ती म्हणाली. काठीचं नाव तिने काढलं नाही, मीही काढलं नाही.

राजनोलीला डावीकडे वळायच्या आधी आरशात बघितलं. रेनकोट घातलेला एक स्कूटरवाला कडेकडेने घुसत होता. त्याच्या हेल्मेटची तुटलेली काचसुद्धा दिसली. मी थांबले, त्याला जाऊ दिलं. तो माझ्याकडे न बघता निघून गेला, आणि मग मी वळले.