मिटलेल्या डोळ्यांचं मतदान

“ताई चांगल्या हायेत वो, पोरंबी रमल्यात. फक्त उद्या खिचडी वाढायला कोण उभं ऱ्हातंय, त्येवढं बघा गुरुजी, म्हंजी झालं.”

शाळा कमिटीतले एक भाऊ पडवीत बोलत होते. मी वर्गात, खिडकीशी, मुलांची चित्रं भिंतीला लावत होते. गुरुजी नुसते हसले. बास — एवढंच घडलं. पण त्यानंतर मी जे केलं, ते आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आईला नाही, बरोबर काम करणाऱ्या मैत्रिणींना तर नाहीच.

मी कळंबची. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकले, आणि तिथे इतकी कमी बोलायचे की बाई मला शहाणी मुलगी म्हणायच्या. शहाणी नव्हते — घाबरट होते. कॉलेज झाल्यावर एका संस्थेत लागले. जुन्नर-आंबेगावच्या शाळांत जाऊन मुलांना नेतृत्व शिकवायचं. भाषणं ठोकणं नव्हे. राग आला तर काय करायचं, दुसऱ्याचं कसं ऐकायचं, चूक झाली तर ती कबूल कशी करायची — हे. हो, हे मी शिकवत होते.

ही शाळा डिंगोऱ्याच्या पुढची. गावाचं नाव लिहीत नाही. त्यांची लाज झाकायला, की माझी?

सातवीच्या वर्गात सुजाता होती. बुद्धविहाराजवळच्या वस्तीतली, बारीक आवाजाची. आमचा एक गाठीचा खेळ असायचा — गोलात उभं राहून समोरच्यांचे हात धरायचे आणि झालेला गुंता हात न सोडता सोडवायचा. सगळे ओरडत होते, “तू खाली वाक!”, “आरं तू न्हाई, तू!” सुजाता एवढंच म्हणाली, “आधी पूनमला मोकळी करू. तिचा हात दुखतोय.” सगळे आधी पूनमकडे वळले. पूनम सुटली, आणि पाठोपाठ गुंताही. मी जे चार्ट लावून शिकवत होते, ते हिला येतच होतं.

शेवटच्या दिवशी मुलं आपला नायक निवडायची. नायकाचं पहिलं काम दुसऱ्या दिवशी सगळ्यांना खिचडी वाढणं — जो पुढे, तो शेवटी जेवतो, हे शिकवण्यासाठी. हा नियम मीच सुचवला होता. मोठ्या अभिमानानं.

मतदान डोळे मिटून. मी नाव घ्यायचं, मुलांनी हात वर करायचे. कुणाला कमी हात पडले हे कुणाला दिसू नये, कुणी दुखावू नये, म्हणून. डोळे उघडे फक्त माझे.

पडवीतल्या त्या वाक्यात कुणाचंच नाव नव्हतं. पण ते कुणाबद्दल आहे हे कळायला मला क्षणही लागला नाही. का लागावा? आमच्या घरीही अशी बिननावाची वाक्यं बोलली जात. चहाचा एक कप फळीवर वेगळा असायचा, आणि तो कुणाचा हे मला कुणी सांगायची कधी गरज पडली नव्हती.

मुलांनी सुचवलेली नावं दोनच होती. आधी मी गणेशचं घेतलं. काही हात वर झाले. मग सुजाताचं घेतलं — आणि वर्गभर हातच हात. मिटलेले डोळे, वर गेलेले हात. काही ओठ हसत होते. सुजाताचा स्वतःचा हात मात्र खाली होता.

गुरुजी दारात उभे होते — मुलांच्या मागे, बाहेर तोंड करून. त्यांनी मला काही सांगितलं नव्हतं. कुणीच नव्हतं सांगितलं. धमकी नाही, दटावणी नाही, एखादा इशारासुद्धा नाही. मग मी कशाला घाबरले?

डोळे उघडायला सांगितलं आणि गणेशचं नाव जाहीर केलं.

टाळ्या पडल्या, पण जरा उशिरा. गणेश माझ्याकडे बघतच राहिला. प्रत्येक मुलाला फक्त आपला हात माहीत होता. बाकीच्यांनी गणेशला केला असेल, असंच प्रत्येकाला वाटलं. कुणी दुखावू नये म्हणून केलेला तो खेळ — त्यात मी पकडली जाणं शक्यच नव्हतं. अजूनही नाही. आता मी नव्या ताईंना हाच खेळ शिकवते. डोळे मिटा म्हटलं की मुलं लगेच मिटतात. तेवढा वेळ मला कुठे बघावं कळत नाही.

पण हेही सगळं नाही. इथे थांबले असते तर भित्री म्हणून सुटले असते.

शाळा सुटल्यावर मी एसटीची वाट बघत होते. सुजाता आली. रडत नव्हती. दप्तराचा पट्टा बोटाला गुंडाळत उभी राहिली.

“ताई, मी तर गणेशलाच हात केलता,” ती म्हणाली. “पर पूनम आन् समद्या पोरी म्हणत्यात, आमी तुलाच केलता. खोटं बोलत्यात ना वो ताई?”

रस्त्यावर कुणी नव्हतं. कमिटी नाही, गुरुजी नाहीत. ती आणि मी. तिच्या मैत्रिणी खरं बोलत होत्या, आणि ती माझ्या तोंडाकडे बघत होती — कारण डोळे उघडे फक्त माझे होते.

मी तिच्या खांद्यावर हात ठेवला. शिकवलेल्या, मऊ आवाजात म्हणाले, “तुला बरं वाटावं म्हणून म्हणत असतील गं.”