कीर्तिपूरचं नाक

आम्ही दोघांनी मिळून शेवटचे मटार सोलले तो दिवस. दिल्लीतल्या मयूर विहारची बाल्कनी, थंडीतलं उतरतं ऊन. खाली गेटवरून डंबर वॉचमन वर बघून हसला. माझ्या बायकोने, ज्ञानमायाने, वाडगा जवळ ओढला आणि त्याला ऐकू जाईल असं म्हणाली, "याला एक दाणा नाही."

डंबर गोरखा गावचा, ही कीर्तिपूरची. दोन्ही नेपाळात. मी चौथी शिकलेला सरकारी ड्रायव्हर. मला वाटलं, एका मुलखाची माणसं. नव्या फ्लॅटवर आलो त्याच आठवड्यात मी त्याला जेवायला आणलं. हिने हौसेने वाढलं, मग गाव विचारलं. त्याने सांगितलं. हिने भरलं ताट त्याच्यापुढून उचललं. माणूस उपाशी जिना उतरला. मी तिच्यावर तेवढा कधी ओरडलो नव्हतो.

"ओ ड्रायव्हरसाहेब," ती म्हणाली, "गोरख्यांच्या राजाला आम्ही दोनदा हाकललं. तिसऱ्यांदा त्याने गाव घेतलं आणि त्या रागाने सगळ्यांची नाकं कापली. तान्ही पोरं आणि फुंकून वाजवणारे तेवढे सोडले. आमचा पूर्वज बासरीवाला. म्हणून हे नाक तुम्हाला बघायला मिळालं."

"अगं, त्याला दोनशे वर्षं झाली!"

"मग? उगवली का परत?"

तेव्हापासून भाजीची पिशवी ती स्वतः तिसऱ्या मजल्यावर आणायची. त्याच्या हातात कधी दिली नाही. हट्टी बाई.

त्या दिवशी मटार सोलून झाले आणि तिला श्वास घेता येईना. लाईट गेलेली, लिफ्ट बंद, माझे गुडघे गेलेले. मी खाली हाक मारली. डंबर धावत आला, पाठ करून खाली बसला. हिने दाराची चौकट धरली. ओठ निळे पडलेले, तरी, "दुसऱ्या कुणाला बोलवा."

"आमा, शिव्या नंतर द्या. आधी गळा धरा." नेपाळीत आईला आमा म्हणतात.

"माये," मी म्हणालो, "मी मागे एकटा काय करू?"

तिने चौकट सोडली. पाठीवर बसली आणि त्याचं नाक चिमटीत धरलं. "पाडलंस तर हे घेऊन जाईन."

"घ्या, आमा." नाक तसंच तिच्या चिमटीत ठेवून तो तीन मजले उतरला. टॅक्सीत बसवलं तेव्हा कुठे तिने ते सोडलं.

दवाखाना येईपर्यंत ती गेली होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला पोचवून आलो. डंबरने खांदा दिला. घरात चूल पेटवायची नव्हती. वाडगा बाल्कनीतच होता. तो घेऊन मी गेटवर गेलो. डंबर हात लावेना. "आमा नाही म्हणाल्या होत्या."

"तुझं नाक आहे ना जागेवर? मग खा."

दोघांनी कच्चेच खाल्ले.