ओके दाबायचं नाही

माझ्या डाव्या करंगळीचं हाड मोडलं ते कॉम्प्युटरच्या पडद्यावरच्या एका चौकटीपायी. लोकांना सांगितलं तर हसतात. हसू देत, त्यांच्या करंगळ्या शाबूत आहेत.

साकोलीजवळ हायवेला लागून असलेल्या एका राईस मिलच्या वजनकाट्यावर मी बसतो. धानाची ट्रॉली काट्यावर चढते, वजन कॉम्प्युटरवर येतं, मी पावती काढून देतो. त्या हंगामात ते सॉफ्टवेअर मधेच अडायचं. पडद्यावर राखाडी चौकट यायची, आत इंग्रजी अक्षरं आणि आकड्यांची लांबलचक माळ, खाली ओके. ओके किंवा एंटर दाबलं की चौकट गायब आणि सॉफ्टवेअरही बंद. ते बनवणाऱ्या भंडाऱ्याच्या इंजिनीअरला फोन केला की एकच टुमणं: "भाऊ, त्यात काय लिहिलं होतं ते जसंच्या तसं पाठवा ना. त्याशिवाय बिमारी कशी समजणार?" पाठवणार कसं? अक्षरांवर माउस कितीही घासला तरी ती निवडलीच जात नव्हती, मग कॉपी कुठली? इकडे मालकांनी बजावलं होतं, "आता काटा बंद पडला त तू घरीच बस."

त्या दुपारी रांग फाटकाबाहेर गेली होती. आभाळ भरून आलेलं, आणि बऱ्याच ट्रॉल्यांवर ताडपत्री नव्हती. कोंढा गावची एक ट्रॉली काट्यावर चढली आणि चौकट आली. या वेळी फोटो काढल्याशिवाय ओके दाबायचं नाही, असं मी ठरवूनच बसलो होतो. मोबाइल वर धरला. पडद्यामागेच खिडकी, आणि खिडकीबाहेर त्या ट्रॉलीचा ड्रायव्हर.

"काहून बे, माहा व्हिडिओ काढून राहिला का?"

मी तोंड उघडेपर्यंत तो केबिनमध्ये होता. आधी त्यानं माझा मोबाइल भिंतीवर आपटला, मग मला. नाकातलं रक्त शर्टावर आलं. मागून आणखी दोघं शिरले. "बटन दाब ना बे! धान भिजल्यावर मोजतो का?" ड्रायव्हरचा हात पुढे येताना पाहून मी माउसची वायर उपटली आणि कळांना अंग लागू न देता कीबोर्डवर ओणवा झालो. पाठीत लाथा बसत होत्या. मी ओरडत होतो, "मारा, पण एंटर दाबू नका!" मार खाताना असलं वाक्य आजवर कुणी उच्चारलं नसेल. ड्रायव्हरनं ट्रॅक्टरचा पाना आणला आणि माझ्या हातावर घातला. कट् असा आवाज आला. खरं सांगतो, दुखायच्या आधी राग आला. बिघडलं सॉफ्टवेअर आणि मार मला, वड्याचं तेल वांग्यावर.

आरडाओरडा ऐकून मालक हमालांना घेऊन धावत आले. त्यांनी ड्रायव्हरला मानगुटीला धरून बाहेर फेकलं, हमालांनी बाकीच्या दोघांना तुडवलं. मी मान वळवून पाहिलं. चौकट जागच्या जागी होती. जीव भांड्यात पडला. मालक धापा टाकत पडद्याकडे वळले, "हे काय लटकून राहिलं?" म्हणाले, आणि त्यांनी एंटर दाबलं.

त्या क्षणी पाना माझ्या हातात असता तर मालक आज नसते.

मला कामावरून काढायचं तोंड त्यांना राहिलं नाही. प्लास्टरचा हात गळ्यात अडकवून मी एसटीनं भंडाऱ्याला गेलो. इंजिनीअर चहा पीत होता. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "एवढंच होय भाऊ? अक्षरं सिलेक्ट होऊन कॉपी व्हायला पाहिजेत? दोन ओळींचं तर काम आहे. कोणी मागितलंच नाही."

मी उजव्या हातानं त्याच्या कानाखाली अशी काढली की चहा त्याच्या मांडीवर सांडला. लाज वाटली नाही, अजूनही वाटत नाही. गाल चोळत त्यानं त्या दोन ओळी लिहिल्या.

प्लास्टर निघाल्यावर मी पुन्हा काट्यावर बसलो आणि त्याच आठवड्यात चौकट आली. माउस फिरवला तशी अख्खी माळ निळी झाली. खिडकीबाहेर हॉर्न वाजायला लागला आणि माझी पाठ आपोआप आखडली. आता फक्त कंट्रोल आणि सी. कंट्रोलवर माझी डावी करंगळी जाते, कैक वर्षांची सवय. ती वाकलीच नाही.

उजव्या हाताची बोटं फाकवून मी ते केलं आणि अक्षरं भंडाऱ्याला पाठवली. संध्याकाळच्या आत सॉफ्टवेअर दुरुस्त झालं. करंगळी अजून तशीच आहे.