आईला सांगितलेली सिरीयल

माझ्या सोनीचं कॉलेज आज चालू आहे ते आमच्या मोहिनी आंटींमुळे. त्या दिवशी त्या मधे पडल्या नसत्या, तर माहेरच्या गावात मी आजही विधवा म्हणून ओळखली गेले असते. (आमचे हे रोज दोन वेळा व्यवस्थित जेवत असताना!)

आंटी म्हणजे उल्हासनगरच्या आमच्या सिंधी घरमालकीण. मी जीन्स शिवायला जाते. कामावरून आले की आंटींकडे बसून हिंदी सिरीयल बघायची. तिच्यात एक विधवा आई आणि तिची कॉलेजातली पोरगी, दोघी एकदमच प्रेमात! आई पोरीच्या सरांच्या, पोरगी कानात बाळी घातलेल्या एका पोराच्या. आणि दोघी एकमेकींपासून लपवतायत!

माझी आई तिकडे जतकडच्या गावी एकटी. तिला हिंदी कळत नाही, म्हणून मी रोज फोनवर सिरीयल मराठीत सांगायची. पण नावं तिच्या लक्षात राहीनात. शेवटी म्हटलं, "आई, असं धर, ती आई म्हणजे मी आणि पोरगी म्हणजे आपली सोनी." झालं! गोष्ट सुसाट सुटली.

"आई, आज मी सरांबरोबर कॉफी प्यायले!"

"अगं बाई! सोनीला कळलं?"

"तिला कुठली शुद्ध! ती बाळीवाल्याच्या गाडीवर फिरतीय."

"आन् जावई?"

"फोटोत! हार वाळलाय, पण बदलायला मला वेळ कुठंय?"

आई खो खो हसायची. तिला कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवर. आणि भिंतीपलीकडे कोण? माझे चुलते, बापूकाका! जावई गेला आणि म्हातारी हसतीय म्हणजे तिच्या डोक्यावर परिणाम झाला, असं समजून त्यांनी तिला काही विचारलंच नाही. थेट एसटी धरली.

मला सातवीत शाळेतून काढणारे हेच काका. त्यांना दारात बघून मी पटकन पदर सावरला.

"सोनीचे कपडे भर. पोरगी गावाकडं येनार. कालिज बंद!"

"काका, झालं काय?"

"मलाच इचारतीस? आन् कुंकू लावून हिंडतीस वर!"

तेवढ्यात हे बनियनवर बाहेर आले. "कोण आलंय गं?"

काका मटकन खालीच बसले.

मी इतकी घाबरले, की समजावताना सगळंच बिघडवलं. "काका, कॉफी मी प्यायले, पण मी प्यायले नाही! हे वारलेत, पण तसे वारले नाहीत!"

"मी वारलोय?" हे ओरडले. सोनीनं भोकाड पसरलं.

आवाज ऐकून आंटी धावत आल्या. "अरे बाबा, पहले अंदर आओ. पापड खाओ, पानी पियो. भांडण नंतर!" सगळ्यांना त्यांनी आपल्या सोफ्यावर बसवलं आणि मी रडत रडत सांगितलेलं ऐकून टीव्ही लावला. समोर सर, कॉफी आणि हार घातलेला फोटो!

काकांचा पापड तोंडाजवळच थांबला. "म्हंजे... ही तू?"

"होय काका."

त्यांनी पापड ताटलीत ठेवला आणि डोळे टीव्हीला लावले. शेवटी मीच हळूच विचारलं, "मग सोनीची बॅग भरू...?"

"गप गं! ती दार उघडतीय!"

जाहिराती लागल्यावर काका सोनीकडे वळले. "कालिज सोडू नगंस पोरी. पन ह्या बाळीवाल्यापासनं लांब ऱ्हा."

"आजोबा, तो टीव्हीत आहे!"

"असू दे. लक्षन बरं नाय."

आंटींचे हे उपकार मी फेडणारच. सोनी शिकून कमावती झाली, की त्यांना भिंतभर मोठा टीव्ही घेऊन देईन. (हल्ली त्यांच्या छोट्या टीव्हीवर मला चेहरे नीट दिसत नाहीत!)