शाळेत पेरलेलं तण

घरातली पहिली पदवीधर मी, गावच्या शाळेत बाई झाले आणि मैदानात चक्क तण पेरलं! पोरांनीच बांधावरून बी आणलं. सप्टेंबरात कुर्डूला गुलाबी तुरे आले, तरोटा पिवळा झाला. आमची रानफुलांची बाग!

मुक्तिसंग्राम दिनाआधी गावातल्या बाया मैदान साफ करायला आल्या. सगळ्यांत पुढं खुरपं घेऊन माझी आई. मी ओरडतच पळाले, "आई, थांब! ती बाग हाय!"

"जन्मभर उपटलं ते तू पेरलंस? याच्यासाठी शिकवलं व्हय तुला?"

बाया खदखदून हसल्या. पोरं फुलांपुढं आडवी झाली. आईनं वाकून नीट बघितलं.

"बरं. पण हे गाजरगवत ऱ्हायलं तर फुलं टिकतील का?" म्हणाली, आणि एकाही कुर्डूला धक्का न लावता तेवढंच वेचायला बसली.