देव्हाऱ्यातला सिलिकॉन

विज्ञानासाठी माणसाला घर सोडावं लागतं, असं आमच्या सोसायटीचे चेअरमन मी निघालो त्या संध्याकाळी म्हणाले. गेटबाहेर टॅक्सी उभी होती, तिच्यामागे रिक्षावाले हॉर्न मारत होते, आणि चेअरमन हातात नारळ धरून मानवजातीबद्दल बोलत होते. मानवजातीवरून ते गच्चीवरच्या टाकीच्या गळतीवर आले, तेव्हा बाबांनी त्यांच्या हातातला नारळ काढून घेतला आणि मला टॅक्सीत बसवलं. मग खिडकीशी वाकून विचारलं, "परत कधी?"

"चिप चालली की."

मी सहज बोललो. बाबांनी ते तारखेसारखं धरून ठेवलं.

चिप म्हणजे नखाएवढा सिलिकॉनचा तुकडा. आम्लात बुडवून वीज सोडली की त्यावर डोळ्यांना न दिसणारी भोकं पडतात आणि तो मोरपिसासारखा चमकतो. भोकांत डीएनएचा एक धागा बसवायचा. नमुन्यात त्याचा जोडीदार असला तर तो येऊन चिकटतो आणि तुकड्याचा रंग किंचित लालकडे सरकतो. रोग ओळखायचा तो या रंगावरून. अडचण एवढीच, की धागे जुळायला खारं पाणी लागतं, आणि खाऱ्या पाण्यात तो भोकांचा थर हळूहळू विरघळतो. मग डीएनए असो-नसो, रंग निळ्याकडे जातो. आमचं घर भाईंदरच्या मिठागरांजवळ. खिडकीची ग्रिल दर दिवाळीला खरवडून रंगवायचो. मीठ काय करतं हे शिकायला मला अमेरिकेत यावं लागलं.

दुसऱ्या वर्षी भारतात जाणाऱ्या मित्राबरोबर एक वाया गेलेला हिरवा तुकडा घरी पाठवला. शोकेसमध्ये ठेवतील असं वाटलं होतं. आईने तो देव्हाऱ्यात ठेवला, बाळकृष्णाशेजारी. आणि देव्हाऱ्यात जे असतं त्याला आमच्याकडे रोज आंघोळ असते, तीही बोअरच्या खारट पाण्याने.

काही महिन्यांनी बाबांचा फोन आला. आवाज एवढा आनंदी मी त्यांच्या रिटायरमेंटलाही ऐकला नव्हता. "अरे, निळा झालाय. सगळ्या बिल्डिंगला दाखवला. चाललं ना तुझं?"

"बाबा, निळा म्हणजे तो विरघळतोय."

"मग शेवटी काय राहतं?"

"साधा सिलिकॉन. करडा."

पलीकडे आईने टीव्ही बारीक केला. बाबा म्हणाले, "म्हणजे तू येत नाहीस." आणि आवाज खाली आणून, "आईला नको सांगूस."

त्यानंतर मी त्या थरावर निरनिराळे लेप चढवून पाहिले. कुठला टिकला तर धागा आत शिरेना, कुठला विरघळलाच. प्रबंध झाला; थर का टिकत नाही याबद्दल. पदवी मिळाली, इथेच नोकरी मिळाली, चिप नाही मिळाली. तुमच्यातले जे असेच काहीतरी 'झालं की' म्हणून निघाले, त्यांना पुढचं सांगायला नको. घर म्हणजे आता ती एक जागा, जिथे माझं वाक्य अजून कुणीतरी खरं धरून बसलंय. बाबांनी त्यानंतर "कधी?" विचारलं नाही. ते विचारत होते तेव्हा बरं होतं.

तुकडा आता पूर्ण करडा आहे. आई त्याला रोज आंघोळ घालते.